खरेदीला होकार, देखभालीला नकार

आपत्कालीन तयारीसाठी सरकार जे अनुदान देते, ते यंत्रांच्या देखभालीवर खर्च करू नये, असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकून घेऊ, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, अनुदान हे नवी क्षमता उभी करण्यासाठी असते. बॅटऱ्या, टायर, इंजिनाचे तेल, नळ्यांचे वायसर हा रोजचा संसारखर्च, तो ज्याचा त्याने करावा. या खर्चाला एकदा अनुदानाचे दार उघडले, की महापालिका आपल्या अंदाजपत्रकातली तरतूद हळूच काढून घेईल, जिल्हा प्रशासन हात झटकेल आणि पाच वर्षांनी पाहावे तर नवे काहीच झालेले नाही, जुनेच कसेबसे रांगते आहे. हे मत वित्त खात्यात ऐकू येते, लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांत डोकावते आणि हल्ली वर्तमानपत्र नीट वाचणाऱ्या करदात्याच्या तोंडीही असते. जबलपूरसारख्या शहरात राहून मला ते पटत नाही. का, ते सांगतो.

संकटांच्या बाबतीत जबलपूरला काही कमी नाही. 22 मे 1997 च्या पहाटे नर्मदा-सोन खोऱ्यातल्या भ्रंशाने हे शहर हलवले. कोसमघाटसारखी गावे जमीनदोस्त झाली, चाळीसच्या आसपास माणसे गेली, हजारो घरे पडली किंवा तडकली. तोवर इथे भूकंपाची गोष्ट कोणी गंभीरपणे करत नसे. शहराच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण आहे, त्याला 21 दरवाजे. पावसाळ्यात ते उघडले की ग्वारीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट आणि पुढे थेट नरसिंहपूर-नर्मदापुरमपर्यंत नदीकाठच्या लोकांचा जीव टांगणीला लागतो. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात मार्च 2017 मध्ये मोठी आग लागली. 22 ऑक्टोबर 2024 ला तिथेच झालेल्या स्फोटाने कामगारांचे बळी घेतले. शहर नागरी संरक्षणाच्या यादीत आहे आणि होमगार्डची प्रशिक्षण संस्था इथेच मंगेलीला आहे. म्हणजे संकटही आहे आणि त्याला तोंड देणाऱ्यांची परंपराही आहे. पैसा मात्र येतो तो वस्तू घेण्यापुरता.

पैसा किती, तेही पाहू. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापनाकरता 1,60,153 कोटी रुपयांची शिफारस केली. त्याची वाटणीही ठरवून दिली: 40 टक्के प्रतिसाद आणि मदतकार्याला, 30 टक्के पुनर्उभारणीला, 20 टक्के आपत्ती निवारणाला आणि 10 टक्के पूर्वतयारी व क्षमताबांधणीला. हे शेवटचे 10 टक्के म्हणजे देशभरात सोळा हजार कोटींच्या घरात. त्याआधी 2020-21 या एका वर्षासाठी मध्य प्रदेशच्या वाट्याला याच आयोगाने 2,427 कोटी सुचवले होते. त्याचे 10 टक्के धरले तर 243 कोटी होतात. बहुतेक राज्यांत यातला तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. तेव्हा ‘देखभालीला पैसा आणायचा कुठून’ हा प्रश्न मला खोटा वाटतो. पैसा आहे. तो कशावर खर्च केला तर शोभून दिसतो, एवढाच काय तो प्रश्न आहे.

बरे, आयोगाने तरी फक्त खरेदी करा असे म्हटले होते का? नाही. या 10 टक्क्यांतून राज्यांची आपत्ती प्राधिकरणे, प्रशिक्षण संस्था, प्रशिक्षणाचे काम आणि आपत्कालीन प्रतिसादाच्या सुविधा यांना आधार द्यावा, असा त्याचा रोख आहे. सुविधेला आधार देणे म्हणजे ती सुरू ठेवणे नाही तर दुसरे काय? पण आपल्याकडची सवय आधीच्या नियमांतून आलेली आहे. 2015 ते 2020 या काळातल्या निकषांत शोध, बचाव आणि संपर्काची साधने घेण्यासाठी राज्य निधीच्या वार्षिक रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंत मुभा होती, प्रशिक्षणाला 5 टक्क्यांपर्यंत. घेतलेले साधन पुढच्या जूनमध्ये कोण सुरू करून पाहणार, याची त्या यादीला फिकीर नव्हती. वर्षानुवर्षे निविदा काढून, माल उतरवून घेऊन, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवून जे खाते मोकळे होत आले, त्याला देखभाल हे आपले कामच वाटत नाही.

आता ‘रोजचा संसारखर्च’ जवळून बघू. पुरात वापरायची रबरी बोट आणि तिच्या मागे लावायचे इंजिन घ्या. पावसाळा सरला की ते इंजिन पिंपातल्या स्वच्छ पाण्यात चालवून आतला गाळ काढावा लागतो. नर्मदेच्या गढूळ पाण्याने त्याच्या पंपाचे रबरी पाते झिजलेले असते, ते बदलावे लागते. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल रिकामे करायचे, स्पार्क प्लग आणि गिअरचे तेल बदलायचे. हे केले नाही तर आठ महिन्यांत पेट्रोलचा चिकट थर आतल्या बारीक छिद्रांत बसतो, आणि मग ऐन पुराच्या रात्री जवान दोरी ओढून ओढून दमतो. इंजिन दोनदा धूर सोडते आणि गप्प होते. बोट एकाच घडीवर दुमडून ठेवली तर घडीवरच तडकते. आगीच्या धुरात शिरणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेची जी बाटली असते, ती अर्धा-पाऊण तास पुरते. पुढची बाटली भरायला कॉम्प्रेसर लागतो, त्या कॉम्प्रेसरची गाळणी वेळेवर बदललेली असावी लागते, नाहीतर त्या हवेत तेलाचा वास येतो. बाटलीचीही ठराविक वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. तारीख उलटलेली बाटली शहाणा माणूस भरत नाही. मोडक्या गाडीत अडकलेल्याला सोडवणारे हायड्रॉलिक कटर असो की बंबाचा पंप, रबरी सील वाळले की लाखोंचे यंत्र भंगाराच्या भावाचे होते. यांतली एकही गोष्ट फार महाग नाही. अडचण अशी, की एवढ्या किरकोळ खर्चाची निविदा निघत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही आणि गाळणी बदलताना मंत्र्याला हिरवी झेंडी दाखवता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे खरे, पण ते महापालिकेने करावे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांत घातली आहे, हेही सांगतील. अगदी बरोबर. पण मग साधन घेताना महापालिकेला विचारा की, तुझ्याकडे हे चालवणारा माणूस आहे का, सुटे भाग मिळतात का. निवड, खरेदी आणि वाटप वरच्या पातळीवर आणि वस्तू दारात उतरली की जबाबदारी खालच्या पातळीवर, ही कुठली रीत? शिवाय ही साधने एकट्या शहराची राहत नाहीत. मोठी आग लागली, पूर आला, की कटनी, मंडला, सिवनी, नरसिंहपूर हे शेजारचे जिल्हे विभागाच्या मुख्य शहराकडेच पाहतात. जबलपूरच्या घरपट्टीतून राखलेली बोट नरसिंहपूरच्या माणसाला वाचवते, आणि वाचवायलाच हवे. पण ज्याचा लाभ सगळ्या विभागाला, त्याचा भार एका महापालिकेच्या गल्ल्यावर टाकला की व्हायचे तेच होते: अंदाजपत्रक तयार होताना कात्री प्रथम त्यावर चालते. जोखीम एका गावाच्या आवाक्याबाहेरची असते म्हणूनच तर केंद्र आणि राज्य मिळून हा निधी उभा करतात. खरेदीला लागू होणारे हे तत्त्व देखभालीशी येऊन अचानक कसे संपते?

याच शहरात या प्रश्नाचे उत्तर शंभरएक वर्षे डोळ्यांसमोर उभे आहे. इथली गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची. धनुष तोफ इथेच तयार झाली आणि 2019 मध्ये पहिल्या सहा तोफा लष्कराच्या हवाली झाल्या. त्याच जबलपुरात लष्कराची 506 बेस वर्कशॉप आहे, जिचे कामच मुळी आधी घेतलेली शस्त्रसामग्री दुरुस्त करून पुन्हा उभी करणे. सुट्या भागांचे साठे आहेत, ते सांभाळण्याचे शास्त्र शिकवणारे लष्करी महाविद्यालयही इथेच आहे. तोफ घेतली म्हणजे संरक्षणसिद्धता आली, तिच्या दुरुस्तीचे आमच्याकडे मागू नका, असे लष्कराला सांगण्याची हिंमत कोणत्या वित्त सचिवात आहे? लष्करासाठी जी गोष्ट उघड आहे, ती बंबासाठी आणि बोटीसाठी चैन कशी ठरते? जबलपूरकरांना फौजेचा मोठा आधार वाटतो, आणि संकटात फौज धावून येतेही. पण नागरी यंत्रणा बंद पडू द्यायची आणि मग छावणीला फोन करायचा, याला नियोजन म्हणत नाहीत.

भोपाळचे उदाहरण तर ताजेच आहे. 12 जून 2023 ला सातपुडा भवन या सरकारी कचेऱ्यांच्या इमारतीला आग लागली. राज्याची राजधानी, सरकारचीच इमारत, आणि आग रात्रभर धुमसत राहिली. मुख्यमंत्र्यांना संरक्षणमंत्र्यांशी बोलून हवाई दलाची मदत मागावी लागली. दुसऱ्याच दिवशी, 13 जूनला, दिल्लीत राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापन मंत्र्यांच्या बैठकीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी आठ हजार कोटींहून अधिक रकमेच्या तीन योजना जाहीर केल्या. त्यात 5,000 कोटी अग्निशमन सेवेचा विस्तार आणि आधुनिकीकरण यांसाठी, तेही याच पूर्वतयारीच्या 10 टक्क्यांच्या खिडकीतून. योजना चांगली आहे, तिला माझा विरोध नाही. पण विस्तार आणि आधुनिकीकरण झाल्यावर सहाव्या वर्षी त्या गाड्यांचे काय, याचे उत्तर योजनेइतकेच ठळकपणे कोणी दिल्याचे ऐकले नाही.

इथे एक पथ्य पाळतो. प्रत्येक दुर्घटना देखभालीच्या खात्यावर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1 ऑगस्ट 2022 ला जबलपूरच्या दमोह नाका भागातल्या एका खाजगी रुग्णालयाला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. तिथे बंब नादुरुस्त होता असे माझे म्हणणे नाही. तिथे समोर आले ते वेगळेच: अग्निसुरक्षेचे तात्पुरते ना-हरकत प्रमाणपत्र मुदत संपून पडले होते आणि रुग्णालय चालू होते. मुदत कधी संपते याची वही ठेवणारा, संपल्यावर दारात जाऊन उभा राहणारा आणि मालकाला घाम फोडणारा निरीक्षक हीसुद्धा क्षमताच आहे. ती कोणत्याही पुरवठादाराकडून विकत मिळत नाही. माणूस नेमावा लागतो, शिकवावा लागतो आणि टिकवावा लागतो, म्हणजे पुन्हा तोच ‘आवर्ती खर्च’, ज्याच्या नावाने नाके मुरडली जातात. यंत्रे वाढली आणि निरीक्षक वाढले नाहीत, तर पुढची आगही अशाच कुठल्यातरी कागदामागे दडलेली असेल.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे परक्या प्रांतातले वाटू नये म्हणून औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, आठवण करून देतो. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला पीएम केअर्समधून 150 व्हेंटिलेटर मिळाले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आलेल्या माहितीनुसार त्यांतले 37 खोक्यांतच होते आणि वापरायला काढलेले 113 सदोष निघाले. मग दोष कोणाचा यावर केंद्राचे म्हणणे एक, डॉक्टरांचे दुसरे. हाताळणाऱ्यांना नीट शिकवलेले नाही, असाही सूर निघाला आणि न्यायालयाला तो रुचला नाही. मला त्या वादाचा निवाडा करायचा नाही. यंत्र बिघडले तर कोण येणार, किती तासांत येणार, शिकवणार कोण आणि या सगळ्याचे पैसे कोण देणार, हे खोके उघडण्याआधी ठरलेले असते तर न्यायालयात जायची वेळच आली नसती. पुढे त्याच निधीतून देशभर 1,224 प्राणवायू प्रकल्प उभारले गेले. लाट ओसरली, आणि अनेक ठिकाणी ते चालवायला माणूस नाही, दुरुस्तीचा करार नाही, म्हणून कुलपात गेले. तहान लागल्यावर विहीर खणली हे एकवेळ माफ. खणलेली विहीर बुजू देणे माफ कसे करायचे?

7 मे 2025 चा सराव तर सगळ्यांच्या आठवणीत असेल. देशातल्या 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांत भोंगे वाजवण्याची रंगीत तालीम ठरली; मध्य प्रदेशातली भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर आणि कटनी ही पाच शहरे त्यात होती. देशात कित्येक ठिकाणी तालमीआधी भोंगे शोधण्यापासून सुरुवात झाली. जुने गंजलेले, काहींच्या तारा तुटलेल्या. दोनच दिवसांनी, 9 मे ला, केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले: 1968 च्या नागरी संरक्षण नियमांतले अधिकार वापरून तातडीने खरेदी करा. प्रसंग युद्धाच्या सावटाचा होता, पत्रात वावगे काही नाही. पण 1965 आणि 1971 च्या युद्धांपासून जी व्यवस्था कागदावर चालत आली, तिच्या भोंग्यांना दर महिन्याला पाच मिनिटे वीज दिली असती तर ही तातडी कशाला उद्भवली असती? तातडीची खरेदी नेहमी महाग पडते. टाळलेल्या देखभालीचे बिल ते हेच, व्याजासकट.

आता विरोधकांच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येतो. अनुदान मिळते म्हटल्यावर महापालिका स्वतःचा हात आखडता घेईल, ही भीती खरी आहे. आपल्याकडे ते होतेच. पण त्यावर दार बंद करणे हा उपाय नाही, दाराशी चौकीदार बसवणे हा आहे. मागच्या तीन वर्षांत शहराने देखभालीवर सरासरी जेवढे खर्च केले, तेवढे करतच राहिले तर अनुदान, नाहीतर नाही, एवढी साधी अट घाला. पैसा हप्त्याने द्या आणि हप्ता कागदी प्रमाणपत्रावर देऊ नका. दुसऱ्या जिल्ह्याचा अधिकारी न सांगता येईल, इंजिन सुरू करायला लावील, पंपाचा दाब मोजील, मास्क तोंडाला लावून पाहील, वाहनाची वही चाळील आणि मग सही करील. अधिकाऱ्यांच्या गाड्यांचे डिझेल आणि कार्यालयीन पगार यांना यात जागा नसावी, हेही मी मान्य करतो. सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत महाग आणि गुंतागुंतीच्या मालासोबत देखभाल करार करण्याची तरतूद आधीच आहे. ती ऐच्छिक राहिली आहे. बचावसाधनांच्या बाबतीत सक्तीची करा. यंत्राच्या आयुष्यभराच्या देखभालीची किंमत निविदेतच मागा, म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेले आणि सुटे भाग न मिळणारे धूड दारात येणार नाही.

अमेरिकेचे नाव घेतले की आपल्याकडे काहींना शहारे येतात आणि काहींना भरते येते, पण तिथला अनुभव इथे कामाचा आहे. 2001 च्या हल्ल्यांनंतर तिथेही खरेदीचा महापूर आला. छोट्या गावांनी आपल्या कुवतीपलीकडची यंत्रे घेऊन ठेवली, आणि त्यांतली काही गरजेपेक्षा रुबाबासाठी होती. दशकभराने तिथल्या संघराज्य सरकारने रोख बदलला: असलेली क्षमता टिकवणे हेही अनुदानाचे उद्दिष्ट मानले, आणि देखभालीचे करार, दुरुस्ती, बदलीचे भाग यांना अनुदानातून मान्यता दिली. आपत्कालीन व्यवस्थापनाच्या तिथल्या एका प्रमुख अनुदानात निम्मा भार स्थानिकांना उचलावा लागतो. म्हणजे पैसाही येतो आणि जबाबदारीही अंगावर राहते. त्यांनी ठेच खाऊन शिकलेले आपण फुकटात शिकायला हरकत नसावी.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात एवढेच: पूर्वतयारीच्या या खिडकीतून पहिला रुपया जुन्या साधनाला, ते चालवणाऱ्या माणसाला आणि त्याच्या सरावाला गेला पाहिजे, त्यातून उरेल त्यात नवे घ्यावे. आज क्रम नेमका उलटा आहे. नवे आधी, आणि जुन्यासाठी उरले तर, म्हणजे कधीच नाही. पंधराव्या आयोगाचा कालखंड 31 मार्च 2026 पर्यंतचा. पुढच्या पाच वर्षांचे निकष लिहिताना देखभालीला स्वतंत्र वाटा आणि त्याला जोडलेली तपासणी आली नाही, तर 2031 मध्येही आपण नव्या बंबांचे फोटो पाहत बसू.

तोवर वाचकांनी एक करावे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज आपल्या महापालिकेला आणि जिल्हा प्रशासनाला द्यावा. आपत्ती निधीतून गेल्या दहा वर्षांत घेतलेल्या साधनांची यादी मागावी, त्यांतली आज चालू किती ते विचारावे, आणि प्रत्येक साधन शेवटचे केव्हा सुरू करून पाहिले त्याच्या नोंदवहीची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.